दीर्घकाळ निकोटीन देऊन रिसेप्टर मोजायचेत, पेशी कोणत्या, डोस किती? (आधी अट वाचा प्लीज)

पिपेटवाली:
नमस्कार मंडळी. गाइडने विषय दिलाय, पेशींना बरेच दिवस निकोटीन दिलं की निकोटिनिक रिसेप्टर (पेशीवरची निकोटीन बसायची जागा) वाढतात ते दाखव. हातात ४ महिने. लॅबमध्ये एसएच-एसवाय५वाय पेशी (माणसाच्या चेतापेशींच्या ट्यूमरमधून वाढवलेल्या) आहेत, पॅच क्लॅम्प (रिसेप्टरमधून जाणारा करंट मोजायची सोय) नाही, रेडिओॲक्टिव्हचा परवाना नाही आणि नवीन वस्तू एकच घेता येईल, तीही छोटी. सीनियरच्या वहीत डोस १ मिलिमोलर लिहिलाय, तो बरोबर आहे का? आणि वेस्टर्नसाठी (प्रोटीन बँडवरून ओळखायची चाचणी) अँटीबॉडी कुठली घेऊ?

चॅनलकाका:
पॅच क्लॅम्प करा, बाकी सगळं अंदाजपंचे. रिसेप्टर वाढले म्हणून काय झालं, निकोटीन तासन्‌तास समोर असलं की त्यातले बरेचसे डिसेन्सिटाइज होऊन गप्प बसलेले असतात. करंट न बघता संख्या सांगणं म्हणजे नुसती जनगणना.

पिपेटवाली:
काका, पॅच क्लॅम्प नाही असं लिहिलंय वर.

चॅनलकाका:
मग ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे जा. मी पीएचडीला सहा महिने दुसऱ्यांच्या रिगवर रात्री काढल्यात.

तिसरा_पॅसेज:
१ मिलिमोलर?? सिगरेट ओढणाऱ्याच्या रक्तात निकोटीन साधारण १० ते ५० नॅनोग्रॅम प्रति मिली असतं, म्हणजे ६० ते ३०० नॅनोमोलर. तुमचा डोस त्याच्या तीन हजार पटींच्या वर जातोय. रिसेप्टर पाच सबयुनिट (तुकडे) जुळून बनतो, त्यातला अल्फा४बीटा२ प्रकार असेल तर नॅनोमोलरमध्येच वाढ दिसते, अल्फा७ ला जास्त लागतं. एकच डोस देऊ नका, १०० नॅनोमोलरपासून १०० मायक्रोमोलरपर्यंत पायऱ्या करा आणि मीडिया रोज बदला.

एपिबॅटिडीन_फॅन:
ट्रिटियमवालं (रेडिओॲक्टिव्ह) एपिबॅटिडीन घ्या, ते रिसेप्टरला चिकटतं, विषय संपला. पेशीच्या आत जातं त्यामुळे आतले-बाहेरचे सगळे रिसेप्टर मोजले जातात. परवान्याचं काय, अर्ज केला की मिळतो. फक्त पेशी नीट धुवा. मी पहिल्या वेळी घाईत एकदाच धुतल्या, उरलेलं निकोटीन जागा अडवून बसलं आणि माझा ग्राफ म्हणतोय रिसेप्टर घटले! दोन महिने 'नवीन शोध' म्हणून मिरवत होतो, लॅब मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं किती वेळा धुतलंस, संपलं.

जीन_माझा_सांगाती:
रिसेप्टर वाढले म्हणजे जीन एक्स्प्रेशन वाढलं असणार. क्यूपीसीआर (एमआरएनए, म्हणजे जीनची नक्कल, मोजायची चाचणी) करा, एका दिवसात उत्तर.

तिसरा_पॅसेज:
नाही हो. १९८३ मध्ये उंदरा-घुशींच्या मेंदूत ही वाढ दिसली तेव्हापासून लोक एमआरएनए शोधतायत, तो फारसा हलत नाही. निकोटीन पेशीत शिरतं, ईआरमध्ये (पेशीतला प्रोटीन जुळवायचा कारखाना) अर्धवट जुळलेल्या सबयुनिटना धरून पाचांची जोडणी पुरी करायला मदत करतं, शिवाय तयार रिसेप्टर मोडायचा वेगही कमी होतो.

जीन_माझा_सांगाती:
माझ्या प्लेटमध्ये वाढला होता.

जुना_पोस्टडॉक:
क्यूपीसीआर राहू द्या, महत्त्वाचं बोलतो. एक, एसएच-एसवाय५वाय मध्ये अल्फा४ नाहीच. अल्फा३, अल्फा५, अल्फा७, बीटा२, बीटा४ असतात. अल्फा४बीटा२ हवं असेल तर एचईके (माणसाच्या किडनीतून वाढवलेल्या) पेशींत घालावं लागेल. दोन, अँटीबॉडीवर पैसे घालवू नका. २००७ मध्ये बाजारातल्या अँटीबॉडी तपासल्या गेल्या तेव्हा ज्या उंदरांत तो सबयुनिटच नव्हता त्यांच्यातही तोच बँड आला. माझ्याकडे अशी एक बाटली आहे, इतका सुंदर बँड देते की फेकवत नाही. तीन, निकोटीन टार्टरेट वापरणार असाल तर लेबलवरचं मॉलिक्युलर वेट बघा. आमच्याकडे एका मुलाने डायहायड्रेट मीठ नुसत्या निकोटीनचं १६२ धरून वजन केलं, खरं ४९८ आहे, म्हणजे वर्षभर डोस एक तृतीयांशाहून कमी जात होता.

चॅनलकाका:
म्हणून म्हणतो पॅच क्लॅम्प.

दमलेली_हूड:
एचईकेवाल्यांनो तापमान सांभाळा. अल्फा४बीटा२ थंडीतही वाढतं, ३० अंशांना ठेवलं की सरफेसवर जास्त येतं. आमचे कंट्रोल मोठ्या इनक्युबेटरमध्ये आणि निकोटीनवाले छोट्यात, आणि छोट्याचा डिस्प्ले ३७ दाखवायचा, आत थर्मामीटर ठेवला तर ३१. पोस्टर छापून झाल्यावर कळलं. माझ्या मते तरी त्यातली निम्मी वाढ निकोटीनची नव्हतीच.

सोडली_एकदाची:
विषयांतर आहे, पण सिगरेट सोडल्यावर हे वाढलेले रिसेप्टर परत खाली येतात का?

तिसरा_पॅसेज:
येतात. डिशमध्ये काही दिवसांत, माणसाच्या मेंदूत स्कॅननुसार साधारण ६ ते १२ आठवड्यांत.

सोडली_एकदाची:
माझा नववा चालू आहे. रिसेप्टरना निरोप द्या.

एपिबॅटिडीन_फॅन:
ट्रिटियम घ्या म्हणजे घ्या.

पिपेटवाली:
सगळ्यांचे आभार. ठरलं. डीप फ्रीजमध्ये मागच्या सीनियरने ठेवलेलं फ्लुओरेसंट बंगारोटॉक्सिन सापडलं (मण्यारीच्या जातीच्या सापाचं विष, अल्फा७ ला चिकटतं, लेबल अर्धं पुसलेलं). म्हणजे एसएच-एसवाय५वाय च ठेवणार आणि अल्फा७ बघणार. एचईके नाही, ट्रिटियम नाही, अँटीबॉडीही नाही.

जुना_पोस्टडॉक:
अहो, अल्फा७ मध्ये वाढ थोडीशीच दिसते! अल्फा३ मध्ये कितीतरी जास्त मिळाली असती. शिवाय ते टॉक्सिन आत शिरत नाही, फक्त सरफेसवरचे दिसतील. निदान काही वेलमध्ये आधी एमएलए (अल्फा७ अडवणारं रसायन) देऊन जागा बंद करा, म्हणजे उरलेली चमक खोटी किती ते कळेल.

पिपेटवाली:
एमएलए हीच ती एक छोटी वस्तू. पायऱ्यांचा डोस आणि चार वेळा धुणं लिहून घेतलंय, टार्टरेटच्या लेबलवर ४९८ ला लाल गोल केलाय. गाइडला १ मिलिमोलर पण हवाय, तो शेवटच्या वेलमध्ये.

दमलेली_हूड:
इनक्युबेटर?

पिपेटवाली:
एकच आहे. थर्मामीटर आत ठेवून आलेय आत्ताच, उद्या सकाळी बघते.