मदत हवी आहे: लॅक्रोससाठी नवे पंच कसे घडवायचे? (सत्तरी, गोवा)

नमस्कार मंडळी,

मी सत्तरीतल्या एका हायस्कूलमध्ये शारीरिक शिक्षण शिकवते. हॉकी खेळत मोठी झाले, पुढे हॉकीची पंचगिरीही केली. आमच्या भागातली काही मुलंमुली आता लॅक्रोस (टोकाला जाळी असलेल्या स्टिकने चेंडू झेलत-फेकत गोल करायचा खेळ) खेळू लागली आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची बैठक झाली. तिथे २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी क्रिकेटबरोबर लॅक्रोसचंही नाव पक्कं झालं, तेव्हापासून ही उत्सुकता आहे. त्याच महिन्यात आपल्या गोव्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा सुरू झाल्या आणि लगोरीसारख्या खेळालाही तिथे जागा मिळाली. मुलांनी ते डोळ्यांनी पाहिलंय. नवा खेळ आपल्या मैदानावर रुजू शकतो, हे त्यांना पटवून द्यावं लागत नाही.

स्टिक जमवल्या, गोल वेल्डिंगवाल्याकडून करून घेतले (सहा फूट रुंद, सहा फूट उंच), मैदानही आहे. अडलंय ते पंचांवर. पंच नसेल तर सामना होत नाही, नुसता सराव होतो. शिवाय हा चेंडू भरीव रबराचा असतो, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. मोठ्या स्तरावर तो ताशी १६० किलोमीटरच्या पुढे जातो. आमची मुलं अजून त्याच्या जवळपासही नाहीत, तरी डोक्याला लागायला तेवढ्या वेगाची गरज नसते. मैदानावर जाणता पंच नसताना आईवडिलांनी पोरांना खेळायला का पाठवावं?

शिकायला तयार असलेली माणसं आहेत, हे आमचं भाग्य. म्हापशाकडचे हॉकीचे जुने पंच आहेत. आंतरवाडा फुटबॉल स्पर्धांत शिट्टी घेऊन उभे राहणारे दोघंतिघं आहेत. आणि कॉलेजच्या काही मुली आहेत, ज्यांनी आजवर कुठलीच पंचगिरी केलेली नाही. वर्ल्ड लॅक्रोस या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या संकेतस्थळावरून नियमपुस्तकं उतरवली, पावसाळ्यात मैदान पाण्याखाली होतं तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये बसून ती वाचली. तोंडी परीक्षा घेतली तर सगळे उत्तरं बरोबर देतात. मैदानात उतरले की सगळं बदलतं.

हॉकीवाल्यांचं उदाहरण सांगते. हॉकीत स्टिकवर स्टिक मारली की फाऊल, हे वर्षानुवर्षं हातात भिनलेलं. पुरुषांच्या लॅक्रोसमध्ये चेंडू पाडण्यासाठी प्रतिस्पर्ध्याच्या स्टिकवर मारणं हा खेळाचाच भाग आहे. स्टिक धरलेला ग्लोव्हजमधला हातसुद्धा स्टिकचाच भाग मानला जातो. तिथे बसलेला फटका चालतो, कोपरावर किंवा हेल्मेटवर बसलेला चालत नाही. हे त्यांना पाठ आहे. तरी टक् असा आवाज आला की शिट्टी तोंडात जातेच. फुटबॉलवाल्यांचं वेगळं. त्यांचे डोळे चेंडू सोडत नाहीत, त्यामुळे पास देऊन मोकळ्या झालेल्या खेळाडूला मागून उशिरा बसलेला धक्का कुणीच पाहिलेला नसतो. मुलींचं आणखी वेगळं: त्यांना दिसतं सगळं, पण शिट्टी वाजेपर्यंत खेळ पुढे गेलेला असतो, मग त्या गप्प राहतात.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो पिवळ्या झेंड्याचा. बचाव करणाऱ्याने फाऊल केला आणि चेंडू हल्ला करणाऱ्यांकडेच असला, तर पंचाने झेंडा टाकायचा आणि शिट्टी मागे ठेवायची. हल्ला पुढे चालू द्यायचा, तो संपला की मग शिक्षा, म्हणजे फाऊल करणाऱ्याने ठरावीक वेळ बाहेर बसायचं. मैदानी लॅक्रोसमध्ये दरम्यान गोल झाला तर तांत्रिक (किरकोळ) फाऊल मिटतो, पण वैयक्तिक (गंभीर) फाऊलची शिक्षा भोगावीच लागते. हे कागदावर सोपं आहे. मैदानात मात्र एक तर झेंडा आणि शिट्टी दोन्ही एकदम होतात, नाही तर झेंडा टाकून पंच जागीच उभे राहतात आणि पुढचा खेळ पाहायचा राहून जातो. हल्ला करणाऱ्या संघाचं नुकसान होतं आणि पोरं चिडतात. त्यांचं चिडणं रास्त आहे.

महिलांच्या मैदानी खेळात याच्या अगदी उलट सवय लागते. गोलरक्षक सोडली तर मुली हेल्मेट आणि पॅड घालत नाहीत, डोळ्यांचं संरक्षण आणि माउथगार्ड एवढंच. गोलासमोर नेमाच्या (गोलावर मारलेल्या चेंडूच्या) वाटेत बचाव करणारी मुलगी कुणालाही मार्क न करता उभी राहिली तर लगेच शिट्टी हवी, कारण चेंडू तिच्याच अंगावर येणार असतो. म्हणजे एका खेळात शिट्टी दाबून धरायची, दुसऱ्यात काही क्षणी ती सर्वांत आधी वाजली पाहिजे. एकाच माणसाला दोन्ही शिकवावं का?

तर माझे प्रश्न असे. नियम येतात, पण नजर येत नाही, तर नजर कशी शिकवायची? प्रत्यक्ष सामना कधीच न पाहिलेल्या माणसाला कुठून सुरुवात करून द्यावी? पूर्ण मैदानी लॅक्रोस आधी घ्यावं की सिक्सेस हा त्याचा छोटा प्रकार? सिक्सेस मला सोयीचं वाटतं: सहा-सहा खेळाडू, ७० बाय ३६ मीटरचं मैदान, आठ-आठ मिनिटांचे चार भाग. फुटबॉलच्या मैदानात ते आरामात बसतं आणि ऑलिंपिकमध्येही तेच आहे.

आणि एक प्रश्न मनाला फार लागलेला. मुलींपैकी एक अतिशय चांगली पंच होईल अशी आहे. मागच्या सरावसामन्यात बाहेर उभ्या असलेल्या मोठ्या माणसांनी तिला नको ते ऐकवलं. ती पुन्हा येईल की नाही, कळत नाही. नव्या पंचांना टिकवायचं कसं? ज्यांनी कुठल्याही खेळात पंच घडवले आहेत त्यांनी कृपया लिहावं, लॅक्रोसच माहीत असायला हवं असं नाही.

---

प्रतिसाद १ (हॉकी पंच, म्हापसा)

मॅडम, आम्हा हॉकीवाल्यांबद्दल लिहिलंत ते खरंच आहे. कानावर चालणारा पंच या खेळात फसणार. माझा अनुभव हॉकीचा, पण उपयोगी पडेल.

नव्या माणसाच्या हातात सुरुवातीला शिट्टी देऊच नका. अनुभवी पंच सामना चालवू दे, नवा त्याच्या शेजारून पळू दे आणि जे दिसतं ते मोठ्याने बोलू दे: ‘हातावर, चालेल’, ‘कोपरावर, फाऊल’, ‘उशिरा धक्का’. बोलायला लागलं की माणूस पाहायला लागतो. गप्प राहणाऱ्या मुलींसाठी तर हे हवंच, आवाज मोकळा झाला की शिट्टीही मोकळी होते. पेडेच्या मैदानावर आम्ही नव्या मुलांना असंच पळवायचो.

बाहेरून बोलणाऱ्यांचं म्हणाल तर तो भार त्या मुलीवर टाकू नका. सामन्याआधी दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांना बोलावून सांगा की प्रेक्षकांतून कुणी पंचाला बोललं तर खेळ थांबेल आणि त्या माणसाला मैदानाबाहेर न्यायची जबाबदारी प्रशिक्षकाची. आणि एकदा खरोखर थांबवा.

---

प्रतिसाद २ (मूळ डिचोलीचा, सध्या मेरीलँड)

ताई, तुमचा धागा वाचून फार आनंद झाला. मी इथे शाळकरी मुलांच्या मैदानी सामन्यांत पंच असतो. या राज्याचा अधिकृत सांघिक खेळच लॅक्रोस आहे, तरी नवे पंच मिळवणं आणि टिकवणं इथेही अवघडच.

नजर शिकवायची तर आधी जागा शिकवा. दोन पंचांच्या पद्धतीत एक पुढचा, एक मागचा. पुढचा गोलरेषेच्या बाजूला उभा असतो आणि त्याच्याकडे गोल आणि क्रीज (गोलाभोवतीचं वर्तुळ): हल्ला करणाऱ्याचा पाय आधी क्रीजमध्ये पडला आणि मग चेंडू गोलात गेला, तर गोल नाही. मागचा मध्यरेषेकडे असतो. नेम सुटला की त्याने चेंडूच्या मागे बघायचं नाही, नेम मारणाऱ्याकडे बघत राहायचं, कारण उशिराचा धक्का त्यालाच बसतो. तुमच्या फुटबॉलवाल्यांचं दुखणं इथेच बरं होईल. चेंडूचा ताबा बदलला की मागचा पंच नव्या बाजूचा पुढचा होतो आणि त्याने खेळाडूंच्या आधी गोलापाशी पोचायचं.

हे सगळं आधी चेंडूशिवाय करा. खेळाडूंच्या जागी प्लास्टिकचे कोन (शंकू) मांडा, तुम्ही ‘ताबा बदलला’ म्हणा, ‘नेम’ म्हणा, आणि पंचांना नुसतं चालायला लावा. कंटाळवाणं आहे, पण पाय आपोआप जायला लागले की डोकं पाहायला मोकळं राहतं.

झेंड्यासाठी एक सवय लावा. झेंडा टाकताच पंचाने मोठ्याने ‘झेंडा पडला’ म्हणायचं, फाऊल करणाऱ्याचा नंबर मनात घोकत राहायचा आणि पळत राहायचं. तोंड बोलण्यात गुंतलं की शिट्टी ओठांत जात नाही. सरावात तुम्ही मुद्दाम फाऊल घडवून आणा आणि हल्ला संपल्यावर पंचाला दोनच गोष्टी विचारा: नंबर कोणता आणि त्यानंतर काय काय झालं?

आणखी एक जागा जिथे नवे पंच हमखास गडबडतात. मैदानी लॅक्रोसमध्ये नेम चुकून चेंडू बाहेर गेला तर शेवटचा स्पर्श कुणाचा हे बघायचं नसतं. चेंडू रेषेबाहेर जाताना त्याच्या सर्वांत जवळ ज्या संघाचा खेळाडू असेल त्या संघाला ताबा मिळतो. म्हणून तर गोलामागे खेळाडू धावत सुटतात. तुमच्या हॉकी-फुटबॉलवाल्यांना हे उलटं वाटेल, तेव्हा यासाठी वेगळा सराव ठेवा.

मुलांचा आणि मुलींचा खेळ एकाच माणसाला एकाच हंगामात शिकवू नका, असं माझं स्पष्ट मत. एकात पक्का झाला की दुसरा. सुरुवात सिक्सेसनेच करा, पण पंचांना सांगून ठेवा की तिथे गोल झाल्यावर गोलरक्षकच लगेच खेळ सुरू करतो. श्वास घ्यायला वेळ नसतो. संघ बारा जणांचा असतो, खेळाडू बदलत राहतात, पंच मात्र तेच असतात. तुमच्याकडच्या उन्हात हे जड जाईल, पंचांच्या दोन जोड्या ठेवा.

---

मूळ प्रश्नकर्ती

देव बरें करूं. सर, दादा, दोघांनीही मनापासून लिहिलंत. येत्या रविवारी कोन मांडून चालण्याचा सराव घेते आणि हॉकीच्या जुन्या पंचांना मोठ्याने बोलायला लावते. मुली आणि मुलं वेगळी करायची हेही ठरलं. कॉलेजच्या मुली महिलांच्या खेळाकडे, बाकीचे मुलांच्या.

खेळ थांबवायचं सरांनी लिहिलं, ते मी त्या मुलीलाच वाचून दाखवणार आहे. थांबवायचा अधिकार तिचा, आणि शेजारी मी उभी राहीन.

एक अडचण राहिली. सिक्सेसमध्ये चेंडूचा ताबा मिळाल्यावर ३० सेकंदांत गोलावर नेम मारावा लागतो. ते घड्याळ आमच्याकडे नाही आणि पंचाने मनात मोजत बसावं हे मला पटत नाही. कुणी काय केलंय?

---

प्रतिसाद २ (मूळ डिचोलीचा, सध्या मेरीलँड)

ताई, पंचाला मोजायला लावूच नका. टेबलावर एक माणूस फक्त त्याच घड्याळासाठी बसवा. मोबाइलचं स्टॉपवॉच आणि हातातला भोंगा पुरतो. शेवटचे दहा सेकंद त्याने मोठ्याने मोजायचे, दोन्ही संघांना ऐकू गेले पाहिजेत.

आणि त्या खुर्चीवर तुमच्या सगळ्या नव्या पंचांना आळीपाळीने बसवा. ताबा नेमका कधी बदलला हे तिथे बसून सतत ठरवावं लागतं, आणि बाहेरचं कुणी त्यांना काही बोलत नाही. ज्या मुलीबद्दल लिहिलंत, तिला परत यायला हीच जागा बरी. शिक्षेच्या वेळेची नोंदही तिच्याकडेच द्या, म्हणजे पंचाने दाखवलेली प्रत्येक खूण तिला वाचावी लागेल.