निळं झाकण वाकतं ते रंगामुळे

भोसरीहून एकाने विचारलंय की एचडीपीईचं (कडक पॉलिथिलीनचं) झाकण पांढऱ्यात सपाट येतं आणि निळ्या मास्टरबॅचवर (प्लास्टिकमध्ये मिसळायच्या दाट रंगाच्या दाण्यांवर) गेलं की कोपरे उचलतात, मोल्ड आणि सेटिंग तेच असूनही. मोल्डला लगेच हात लावू नका. निळा बहुधा थॅलोसायनिन (थॅलो) असणार, रंगाच्या नंबरात सांगायचं तर पिगमेंट ब्लू १५:१ किंवा १५:३. या सेंद्रिय रंगाच्या बारीक कणांभोवती पॉलिथिलीनचे स्फटिक लवकर धरतात. मग माल प्रवाहाच्या दिशेने एक आकसतो आणि आडवा वेगळा, म्हणून झाकण वाकतं. थॅलो हिरव्याचंही तेच. अल्ट्रामरीनला हा त्रास फारसा नाही, पण त्याची रंग चढवायची ताकद कमी, डोस वाढतो. पुरवठादाराकडे कमी वॉर्पेजची, म्हणजे माल कमी वाकवणारी, ग्रेड मागा. कूलिंग टाइम वाढवून थोडा फरक पडेल, पूर्ण जाणार नाही.

पिवळ्याचं मात्र कुणीतरी 'स्वस्तातला चालतो' म्हणून उरकलंय, ते मला अजिबात पटत नाही. डायअरिलाइड पिवळे, म्हणजे यलो १३ किंवा ८३, प्लास्टिकमध्ये २०० अंशांच्या वर वापरूच नयेत. ते फुटून डायक्लोरोबेंझिडीन सुटू शकतं, ज्याच्यावर कर्करोगाचा संशय आहे. पीपीचं (पॉलिप्रॉपिलीनचं) बॅरल, म्हणजे मशीनची माल वितळवणारी नळी, सर्रास २२०-२४० वर चालतं, आणि समोर दिवसभर ऑपरेटर उभा असतो! पिगमेंटचा नंबर आणि उष्णता सहन करण्याची मर्यादा लेखी घ्या, नुसत्या शेड कार्डावर ऑर्डर देऊ नका.

नवी बॅच आली की चार दाणे गरम प्लेटमध्ये दाबून पातळ फिल्म करा आणि उजेडासमोर धरा. गडद ठिपके दिसले तर रंगाच्या गुठळ्या फुटून तो नीट पसरलेला नाही, बॅच परत पाठवा.