क्यूर तेर्माल (झऱ्याच्या पाण्याचे उपचार) लिहून दिलीये, जावं की नाही? (जरा लवकर सांगा)

कोल्हापूर_ते_ल्यों: डॉक्टरांनी ३ आठवड्यांची क्यूर लिहून दिलीये, सेक्यूला (फ्रान्सचा सरकारी आरोग्य विमा) फॉर्म पाठवायचाय. नवरा म्हणतो हे श्रीमंतांचे चोचले, आणि सासूबाईंना तर फोनवर हसू आवरेना, म्हणे पाण्यात बसायला डॉक्टरची चिठ्ठी? कुणी केलीये का? रजा कशी मिळते? लेक्चर नको प्लीज.

घाटावरचा: गुडघे असतील तर सरळ डॅक्स (फ्रान्सचं गरम झऱ्यांचं गाव)! आमचे शेजारचे आजोबा दरवर्षी जातात, गरम चिखलाचे लेप लावतात, आल्यावर दोन महिने जिना चढताना कुरकुरत नाहीत.

ज्वारीची_भाकरी: एवढ्या लांब कशाला, वज्रेश्वरीला जा. कुंडात डुबकी मारा, देवीचं दर्शनही होईल.

कोल्हापूर_ते_ल्यों: अहो मी राहतेच फ्रान्सला!!

म्युच्युएलवाली: चोचले बिचले नाहीत, १९४७ पासून सेक्यू याचे पैसे देते. उपचार १८ दिवस, रविवारी सुट्टी. स्नान-उपचारांचे ६५ टक्के, डॉक्टरचे ७० टक्के, उरलेलं म्युच्युएल (खाजगी पूरक विमा) किती देते ते विचारा. राहणं आणि प्रवास उत्पन्न कमी असेल तरच मिळतो. रजा बहुतेक स्वतःच्या सुट्ट्यांतूनच घ्यावी लागते. पण आजार कुठला? गाव कुठलं लिहिलंय?

कोल्हापूर_ते_ल्यों: आव्हेन (त्वचेच्या उपचारांचं झऱ्याचं गाव). मुलाला एक्झिमा आहे, ६ वर्षांचा आहे. लिहिलं नव्हतं का मी?

घाटावरचा: नाही ओ ताई! मग चिखल विसरा.

पावभाजी_पॅरिस: आव्हेनचं पाणी स्प्रेच्या बाटलीत फार्मसीत मिळतं की, घरीच फवारा. तीन आठवडे शाळा बुडवून काय होणार? सुट्टीवर गेलं की कुणालाही बरं वाटतं.

म्युच्युएलवाली: बाटली फवारणं आणि रोज अंघोळ, शॉवर, वर डॉक्टरची नजर, एकच का? माझ्या भाचीची खाज तिथे खूप कमी झाली, हिवाळ्यात थोडी परत आली, खोटं कशाला सांगू. आणि ते पाणी गरम नाही, २५ अंशाच्या आसपास असतं, तेव्हा वज्रेश्वरी डोक्यातून काढा. शाळा बुडवायची नसेल तर जुलै-ऑगस्टचं बघा, पण तेव्हा गर्दी असते, आत्ताच बुक करा. त्वचेची क्रीम डॉक्टरला न विचारता बंद करू नका!

ज्वारीची_भाकरी: गरमच नाही तर झरा कसला?

घाटावरचा: थलासोपण करून बघा, ब्रेतान्यला मस्त आहे.

म्युच्युएलवाली: ते समुद्राचं पाणी, त्याला सेक्यू एक सेंट देत नाही. विषय काय, तुम्ही बोलताय काय.

कोल्हापूर_ते_ल्यों: फॉर्म पाठवला. सुट्ट्या अर्ध्या मी, अर्ध्या नवरा. आता एवढंच सांगा, तिथल्या स्टुडिओत (भाड्याच्या एका खोलीच्या घरात) कुकर लावता येतो का? पोरगं वरणभाताशिवाय जेवत नाही.