प्रतीकवाद: कविता की खिडक्या लावून घेतलेली खोली?

तिरपागडा:
१८८५ साली फ्रेंच कादंबरीकार झोलाची 'जेर्मिनाल' पुस्तकरूपात आली. खाणकामगार, उपासमार, संप, सगळं उघडंवाघडं. पुढच्याच वर्षी १८ सप्टेंबरला 'ल फिगारो' या पॅरिसच्या दैनिकात कवी झाँ मोरेआसने प्रतीकवादाचा जाहीरनामा छापला: उपदेश नको, वस्तुनिष्ठ वर्णन नको, कल्पनेला इंद्रियांना जाणवेल असं रूप द्या. ऐकायला झकास. प्रत्यक्षात सुखवस्तू लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. ह्युइसमान्सच्या 'आ रबूर' कादंबरीचा (१८८४) नायक आठवा. गालिच्याचे रंग खुलावेत म्हणून हा गृहस्थ जिवंत कासवाच्या पाठीला सोन्याचा मुलामा देतो, वर रत्नं जडवतो. कासव मरतं. माझ्या लेखी हा अख्खा पंथ म्हणजे ते कासव. आणि या पंथाचा म्होरक्या कवी मालार्मे १८९१च्या मुलाखतीत सांगतो की वस्तूचं नाव घेतलं की कवितेतला तीन चतुर्थांश आनंद गेला. म्हणजे वाचकाने कोडी सोडवत बसायचं? बोला.

उंबरठा:
कासवाला मारलं कोणी? लेखकानेच ना? तो नायकाची हौस चवीने रंगवतो आणि शेवटी डॉक्टरकरवी त्याला पॅरिसला परत धाडतो. पुस्तक अर्ध्यावर सोडलेल्यांना ते कासवच दिसत राहतं.
आणि सुखवस्तू कोण हो? मालार्मे शाळेत इंग्रजी शिकवून पोट भरायचा. त्याच्या मंगळवारच्या बैठकी 'र्यू द रोम'वरच्या लहानशा घरात भरायच्या. पंथातलाच कवी व्हर्लेन १८७१च्या पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे शहरातल्या बंडखोर सरकारच्या, बाजूने होता, शेवटची वर्षं इस्पितळांच्या वाऱ्यांत गेली. कवी रॅम्बोची 'इल्युमिनास्याँ' १८८६मध्ये छापायला तयार करणारा फेलिक्स फेनेओं युद्धखात्यात कारकून आणि विचाराने अराजकवादी. अराजकवाद्यांवरच्या १८९४च्या 'तीस जणांच्या खटल्या'त तो आरोपी होता, तेव्हा मालार्मेने त्याच्या बाजूने साक्ष दिली. तो सुटला. खिडक्या लावून बसलेला माणूस असल्या भानगडीत पडत नाही.

घुम्या:
+१ तिरपागडा. रॅम्बोने एका सुनीतात स्वरांना रंग वाटले: आ काळा, ई तांबडा, ओ निळा. उद्या मी म्हटलं ओ जांभळा, तर मला चूक कोण ठरवणार?

शाईवाला:
कोणीच नाही! त्याच सुनीताच्या शेवटच्या ओळीत 'ओ'पाशी जांभळा किरण आहे. कवीच स्वतःचा तक्ता मोडतो.
बाकी कवितेवरच का अडलात? चित्रकार रेदाँचा १८८२चा लिथोग्राफ (शिळाछाप चित्र) बघा, एडगर ॲलन पोला अर्पण केलेल्या संचातला. खाली सपाट, उदास पाणी, कडेला वनस्पती. वर फुगा, आणि फुगा म्हणजे आकाशाकडे बघणारा एक प्रचंड डोळा. पाळण्याच्या जागी ताटलीत ठेवलेलं डोकं. सगळं काळ्यात. अर्थ विचारलात तर मला सांगता येणार नाही, पण एकदा पाहिलं की विसरूनही दाखवा. त्याच्याइतका काळा रंग मला दुसऱ्या कोणाचा माहीत नाही. (चित्रकार मोरोची 'सालोमे' मला जरा दागिन्यांचं दुकान वाटते, पण ते असो.)

तिरपागडा:
रेदाँ आवडतो, त्यावर वाद नाही. साक्षीचं मात्र उलटंच आहे, राव. मित्र अडकल्यावर मालार्मेला कोर्टात स्पष्ट बोलता आलं. कवितेतच का तोंडात गुळणी धरली?

उंबरठा:
कोर्टात सुटका हवी असते, कवितेत नाही. दुर्बोधतेचा हा आरोप आपल्याकडे मर्ढेकरांवरही झालाच की! धागा खरोखर जुळतोही: आर्थर सायमन्सचं प्रतीकवादावरचं पुस्तक १८९९चं, ते १९०८मध्ये कवी एलियटच्या हाती पडलं, त्यातून त्याला फ्रेंच कवी लाफोर्ग सापडला. आणि मर्ढेकर वाचताना एलियट टाळता येत नाही. गंमत अशी की खटले मात्र दुर्बोधतेवर भरत नाहीत. प्रतीकवाद्यांचा पूर्वसूरी कवी बोदलेरला १८५७मध्ये नीतीच्या नावाखाली दंड झाला, सहा कविता काढायला लावल्या. मर्ढेकरांवर अश्लीलतेचा खटला झाला, ते सुटले. सरकारी वकिलांना कविता चांगल्याच कळल्या होत्या म्हणायच्या.

घुम्या:
हे बरं आहे, कळली तर खटला, नाही कळली तर थोर. पण जाहीरनामा लिहिणारा मोरेआसच १८९१मध्ये पंथ सोडून ग्रीक-रोमन परंपरेकडे परतणारा 'रोमन पंथ' काढून बसला, त्याचं काय?

शाईवाला:
त्याचं काहीच नाही. त्या 'रोमन पंथा'तली एक तरी कविता वाचली आहे का इथे कोणी?