आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्डासाठी जुना एसएमपीएस चालेल का?

प्रश्न
नमस्कार. मी नांदेडला लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, एक एसएसडी, एक हार्ड डिस्क. आता आरटीएक्स ३०६० घेतलंय. एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटसोबत आलेला लोकल, वर मोठ्या अक्षरांत ४५० लिहिलंय. कार्डाला लागणारी ८ पिनची वायर त्यात नाही. दुकानदार म्हणतो, सॅटाचं, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या वायरीचं, कन्व्हर्टर लावून देतो. सीझन तोंडावर आलाय. लावू का?

उत्तर
अजिबात लावू नका. आधी स्टिकरवर +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते सांगा.

प्रश्नकर्ता
१६.

उत्तर
म्हणजे १२ गुणिले १६, फक्त १९२ वॅट. कार्ड एकटंच १७० पर्यंत खेचतं, वर प्रोसेसरचे ऐंशी-नव्वद. एक्सपोर्ट लावला की दोन्ही एकदम राबतात, आणि कार्ड मधेच क्षणभर त्याहून जास्त मागतं. तिथंच मशीन बंद पडतं.

सॅटाची वायर १२ व्होल्टवर जेमतेम ५४ वॅट झेपवते, ८ पिनमधून १५० जाऊ शकतात. माझ्याकडे दुरुस्तीला असे कन्व्हर्टर येतात: पिवळ्या वायरीजवळचं प्लास्टिक तपकिरी होऊन पिनेला चिकटलेलं. पाहवत नाही हो, पोटापाण्याचं मशीन असतं ते.

चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा घ्या, १२ व्होल्टवर ४० च्या वर अँपिअर असलेला. ८० प्लस ब्रॉन्झ पुरे. पण तो शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, आतला माल कसा आहे ते नाही. म्हणून ५ वर्षांची वॉरंटी बघा. मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या होणारा, घेतलात तर वायरी त्याच्याच वापरा. एसएमपीएसकडच्या पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असू शकते.

दुसरं उत्तर
कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात का?

प्रश्नकर्ता
हो, अनवाणी असलो की येतात. नवीन एसएमपीएसने जातील ना?

दुसरं उत्तर
नाही जाणार. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडा करंट कॅबिनेटवर येतोच, तो अर्थिंगमधून निघून जायला हवा. तुमच्याकडे अर्थिंग नसणार. वायरमनकडून ते आधी करून घ्या. आणि यूपीएस ६०० व्हीएचा असेल तर तो साधारण ३६० वॅटच देतो. मॉनिटरही त्यावरच असेल तर १००० चा बघा.

प्रश्नकर्ता
यूपीएस ६०० चाच आहे. वायरमनला उद्या सकाळी बोलावलंय, कार्ड तोवर खोक्यातच राहू दे.