ब्रेक्झिटचे आभार? कशाबद्दल?

मिडलंड्सवासी (धागाकर्ता):
एका ग्रुपवर फिरत आलेली पोस्ट आहे. थोडक्यात मजकूर असा: "ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं आणि भारतीयांना पहिल्यांदा समान न्याय मिळाला. आधी रुमेनियाचा माणूस विमानातून उतरून दुसऱ्या दिवशी कामाला लागायचा आणि आपला इंजिनियर व्हिसासाठी ताटकळायचा. आता सगळे एका रांगेत. ब्रेक्झिटचे आभार माना." खाली अंगठे आणि जोडलेले हात. राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळे एका रांगेत आले, हे खरं. पण त्या रुमेनियन माणसाकडे जे होतं ते आपल्याला मिळालं का? नाही. त्याचं काढून घेतलं, एवढंच. आणि तेही पुढे येणाऱ्यांचं. ३१ डिसेंबर २०२० ला रात्री अकरा वाजता मुक्त संचार, म्हणजे युरोपियनांनी व्हिसाशिवाय येऊन काम करणं, संपला. त्याआधी जे येऊन राहिले, त्यांचे हक्क विथड्रॉवल ॲग्रीमेंटमध्ये (ब्रिटन-युरोपियन युनियनच्या बाहेर पडण्याच्या करारात) आहेत आणि तो आंतरराष्ट्रीय करार आहे. त्यातल्या प्री-सेटल्डवाल्यांनी (ज्यांना अजून कायम नव्हे, तात्पुरता वास्तव्याचा दर्जा आहे) मुदतीत पुन्हा अर्ज केला नाही तर त्यांचे हक्क जातील, अशी गृहखात्याची भूमिका होती. डिसेंबर २०२२ मध्ये हायकोर्टाने ती बेकायदा ठरवली. आता त्यांची मुदत आपोआप वाढते.

आपल्या हातात काय आहे? स्किल्ड वर्कर व्हिसा. त्याचे नियम गृहखातं बदलतं, संसदेपुढे निवेदन ठेवतं, झालं. पगाराची सर्वसाधारण अट सुरुवातीला २५,६०० पौंड होती, एप्रिल २०२४ ला ३८,७०० झाली, जुलै २०२५ ला ४१,७००. वर काम पदवीच्या दर्जाचंच हवं. केअर वर्करना फेब्रुवारी २०२२ मध्ये बोलावलं, मार्च २०२४ पासून त्यांना बायकोमुलं आणायला बंदी, जुलै २०२५ ला परदेशातून भरतीच बंद. २०१६ च्या प्रचारात प्रीती पटेल करी हाउसवाल्यांना सांगत होत्या की बाहेर पडलो तर उपखंडातून आचारी आणणं सोपं होईल. पुढे त्याच गृहमंत्री झाल्या. आज नव्या आचाऱ्याला हा व्हिसा मिळत नाही. मग आभार कोणाचे मानायचे?

हिशोबनीस:
अर्धं चित्र मांडलंत. ब्रेक्झिटपूर्वी काय होतं तेही लिहा ना. टियर टूवर (स्किल्ड वर्करच्या आधीचा कामाचा व्हिसा) वर्षाला २०,७०० ची मर्यादा. तुम्हाला घ्यायचं तर कंपनीने आधी २८ दिवस जाहिरात द्यायची, इथला किंवा युरोपातला कोणी मिळत नाही हे सिद्ध करायचं आणि मग आपला नंबर. डिसेंबर २०१७ पासून ती मर्यादा महिन्यामागून महिना भरत होती. भारतातून निवडलेल्या डॉक्टरांनासुद्धा नकार गेले, शेवटी २०१८ च्या जूनमध्ये डॉक्टर-नर्स त्यातून वगळावे लागले. माझी ऑफर याच काळात लटकली होती. पुण्यातली नोकरी सोडून बसलो होतो आणि दर महिन्याला एचआरचा तोच मेल, "या महिन्यात पगाराची कटऑफ रेषा वर गेली, पुढच्या महिन्यात पाहू." ही मर्यादा आणि जाहिरातीची अट दोन्ही गेली ती गुणांवर आधारित नव्या पद्धतीत. २०१२ मध्ये बंद केलेला शिक्षणानंतरच्या कामाचा व्हिसा जुलै २०२१ ला ग्रॅज्युएट रूट म्हणून परत आला, त्यावर आपली किती मुलं आली ते मोजा.

आणि आचारी २०२१ ते २०२५ येत होते, ते सोयीस्कर गाळलंत.

मिडलंड्सवासी:
आचारी मधली साडेचार वर्षं येऊ शकत होते, मान्य. त्याने माझा मुद्दा पक्काच होतो. जे दिलं ते साडेचार वर्षांत काढून घेता आलं. ग्रॅज्युएट रूटही १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दोन वर्षांऐवजी दीड वर्ष.

सिस्टर मिरजकर:
मी २०१९ ला आले. तेव्हा आमच्या वॉर्डात दोन स्पॅनिश आणि एक पोर्तुगीज नर्स होत्या. एकेक करत तिघी गेल्या. रात्रपाळीला हँडओव्हर द्यायला माणूस नसायचा, मग भरती झाली ती केरळ, फिलिपिन्स आणि थोडे आपण. त्यामुळे आपली सोय झाली हे मी नाकारत नाही.

पण माझं दुखणं वेगळंच आहे. आई मिरजेत एकटी आहे. गुडघे गेलेत, जिना उतरता येत नाही. तिला इथे आणायचं तर भारतात पैसे देऊनही काळजी घेणारं कोणी मिळत नाही हे सिद्ध करा म्हणतात. बाई ठेवता येते ना, मग नकार. आणि आमच्याच इमारतीत एक गोव्याचं कुटुंब आहे, पोर्तुगीज पासपोर्टवालं. त्यांनी २०१८ मध्ये सासूबाईंना आणलं, अवलंबून आहेत एवढे कागद दाखवून. मी कर भरते, तेही भरतात. हा कुठला न्याय?

हिशोबनीस:
ताई, आईवडिलांचा तो नियम जुलै २०१२ चा आहे, ब्रेक्झिटशी संबंध नाही.

पण उदाहरण अगदी योग्य दिलंत. भारतात जन्मलेला, भारतात वाढलेला माणूस, आजोबा पोर्तुगीज राजवटीत जन्मले म्हणून पासपोर्ट काढतो आणि पोर्तुगाल न बघता इंग्लंडमधल्या स्विंडनच्या वेअरहाऊसमध्ये रुजू होतो. पगाराची अट नाही, इंग्रजीची परीक्षा नाही, स्पॉन्सर (व्हिसासाठी हमी देणारा मालक) नाही. आणि आम्ही मर्यादा सुटायची वाट बघतोय. पळवाट बंद झाली, बरं झालं. ज्यांनी कामासाठी देशाचा पासपोर्ट विकला त्यांच्याबद्दल मला तरी सहानुभूती नाही.

डिचोलीकर:
"विकला" हा शब्द मागे घ्या, मग पुढे बोलू.

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जे जन्मले ते पोर्तुगालच्या कायद्याने पोर्तुगीज नागरिक होते. त्यांना आणि पुढच्या पिढ्यांना लिस्बनला जन्माची नोंद करण्याचा हक्क पोर्तुगालने दिलाय. तो आम्ही मागच्या दाराने मिळवलेला नाही. फक्त ख्रिश्चनांनीच घेतला हाही गैरसमज आहे, आमच्या वाड्यावरच्या हिंदू घरांतले मुलगे गेलेत. गोव्यातल्या खाणी २०१२ ला बंद झाल्या, मग परत २०१८ ला. ट्रकाचे हप्ते कोण भरणार होतं? तुम्ही?

आता ब्रेक्झिटचं ऐका. माझ्या मावसभावाचा पोर्तुगीज पासपोर्ट २०२० च्या सुरुवातीला हातात आला. एप्रिलचं तिकीट होतं. मार्चात लॉकडाऊन लागला, विमानं बंद. नंतर मावशी आजारी पडली, तो थांबला. ३१ डिसेंबर उलटून गेला. सेटलमेंट स्कीमचा (आधीच येऊन राहिलेल्या युरोपियनांना हक्क देणाऱ्या योजनेचा) अर्ज ३० जून २०२१ पर्यंत करता येत होता, पण डिसेंबरपूर्वी तिथे राहिल्याचा पुरावाच नाही, तर अर्ज कशाच्या जोरावर करणार? इकडे परदेशी नागरिकत्व घेतलं म्हणून १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व गेलं. ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) मागायला गेला तर पासपोर्ट सरेंडर केल्याचा दाखला मागतात आणि पासपोर्ट ऑफिसने तर पासपोर्ट रद्द केलेला. तो रद्दचा दाखला चालेल हे परराष्ट्र खात्याने एप्रिल २०२४ मध्ये सांगितलं. तोवर तो स्वतःच्या घरात, स्वतःच्या आईजवळ, परदेशी म्हणून राहत होता. मतदार यादीतून नाव गेलं, आधार गेलं. आणि तुम्ही म्हणता बरं झालं.

हिशोबनीस:
भावनिक होऊ नका. तुमच्या भावाला युरोपियन युनियनचे २७ देश आजही खुले आहेत. डब्लिनला जा, इंग्रजीच बोलतात. माझ्याकडे आहे का तो पर्याय?

डिचोलीकर:
डब्लिनला खोलीचं भाडं काय आहे बघितलंत का कधी? माणूस ओळखीच्या आधाराने जातो. स्विंडनला त्याची बहीण, तिचा नवरा, शेजारचा, गावचा, सगळे तिथे. कोणाच्या सोफ्यावर महिनाभर झोपता येतं, कोण शिफ्टला लावून देतं, हे तुमच्या गुणांच्या तक्त्यात बसत नाही.

आणि एक विचारतो. तुमच्या जुन्या प्रतिसादांत वाचलंय, तुम्ही ब्रिटिश नागरिकत्व घेतलंत. तेव्हा भारतीय पासपोर्टचं काय केलंत? तोच सरेंडर केलात ना? मग माझ्या भावाने विकला आणि तुम्ही काय केलंत?

हिशोबनीस:
मी सहा वर्षं राहून, कर भरून, परीक्षा देऊन घेतलं. दोन्ही एक नाहीत.

डिचोलीकर:
कायद्याला एकच. कलमही तेच.

सिस्टर मिरजकर:
माझ्यामुळे हे सुरू झालं. डिचोलीकरदादा, मी त्या कुटुंबाला चोर म्हटलं नव्हतं. त्यांच्या आजी माझ्या मुलीला सांभाळतात. मला माझी आई हवी आहे, बस.

कृष्णाकाठ:
तुम्ही सगळे पासपोर्टवर भांडताय, माझ्या भाच्याचं ऐका जरा. सांगलीजवळचा, बी. कॉम. २०२३ ला केअर व्हिसावर गेला. एजंटने बारा लाख घेतले. पावती नाही, सगळी रोकड. खाली नदीकडची जमीन गहाण टाकली. गेल्यावर कळलं की पूर्ण आठवड्याचं काम सांगितलं होतं आणि मिळतात दोन-तीन शिफ्ट. तक्रार केली तर मालक म्हणतो, स्पॉन्सरशिप काढून घेईन. मग गृहखात्याने त्या कंपनीचं परदेशी माणसं स्पॉन्सर करायचं लायसन्सच काढलं. चूक मालकाची, आणि ६० दिवसांचं पत्र आलं भाच्याला! नवा स्पॉन्सर शोध नाहीतर देश सोड. त्याने दोनशेच्या वर अर्ज टाकले. त्याच्या जागी पोलंडचा मुलगा २०१५ मध्ये असता तर मालकाच्या तोंडावर राजीनामा मारून शेजारच्या केअर होममध्ये गेला असता. हा फरक आहे. बाकी पगाराचे आकडे नंतर बघू.

मिडलंड्सवासी:
मावशी, मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही नेमकं मांडलंत. मुक्त संचारवाला माणूस मालकाच्या परवानगीवर जगत नव्हता. स्किल्ड वर्करचा व्हिसा मालकाला बांधलेला आहे. ही बांधणी ब्रेक्झिटपूर्वी आपल्याला होती, नंतर केअर होमच्या अख्ख्या नव्या फौजेला लावली. युरोपियन येणं थांबलं म्हणून ती माणसं हवी होती, पण त्यांच्यासारखे हक्क देऊन नको होती. हिशोबनीस, यावर बोला. पासपोर्टवर खूप झालं.

हिशोबनीस:
बोलतो. फसवणारा एजंट सांगलीचा, पिळणारा मालक तिथला. यात ब्रेक्झिटला ओढायची गरज नाही, लायसन्स तपासणं ढिलं होतं एवढंच. मुक्त संचाराच्या काळातही शेतावरच्या टोळ्यांत रुमेनियन-बल्गेरियन मजूर पिळले जात होतेच.

तरी ६० दिवस फार कमी आहेत हे मान्य करावं लागेल. आणि कायम वास्तव्यासाठी पाचाऐवजी दहा वर्षं, केअरसारख्या कामांना पंधरा, हा जो प्रस्ताव आहे तो आधीच इथे आलेल्यांनाही लावणं मला पटत नाही. माझा धाकटा भाऊ चौथ्या वर्षात आहे. त्याने पाच वर्षांच्या हिशोबाने घर बघितलंय. पण यावरून ब्रेक्झिट भारतीयांना वाईट ठरलं, हे अजिबात मान्य नाही.

मिडलंड्सवासी:
तुमच्या भावाला कोर्टात जायला करार नाही, पण त्याच्या शेजारच्या इटालियनला आहे. तो एवढा एकच फरक मी पहिल्या परिच्छेदापासून सांगतोय.

डिचोलीकर:
"विकला" अजून मागे घेतलेला नाही, याची नोंद असावी.

सिस्टर मिरजकर:
कृष्णाकाठ मावशी, भाचा अजून इथेच आहे ना? व्हिसा चालू आहे तोवर त्याला इथल्या इथे दुसऱ्या केअर कंपनीकडे बदलता येतं, जुलै २०२८ पर्यंत ती सोय ठेवलीय. आणि एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमधल्या केअर कंपन्यांना बाहेरून किंवा दुसऱ्या व्हिसावरचा माणूस घेण्याआधी अशा स्पॉन्सर गेलेल्यांना विचारावं लागतं. त्यासाठी प्रत्येक भागात एक प्रादेशिक गट आहे, त्यांच्याकडे नाव नोंदवायला सांगा. गृहखात्याचं पत्र आणि पगाराच्या स्लिपा जपून ठेवायला सांगा. तो कुठल्या भागात आहे?

कृष्णाकाठ:
वेस्ट यॉर्कशायर. पत्राला तीन आठवडे झालेत. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, बघा ताई.