अशोकमामा तुम्हाला पहिल्यांदा कुठे भेटले?

परवा घरात चांगलीच जुंपली. मी म्हटलं, अशोक सराफ म्हणजे धनंजय माने, विषय संपला. आई म्हणाली, "आधी 'राम राम गंगाराम'मधला खाटीक बघ, मग बोल." त्यावर बाबांनी थेट रंगमंच गाठला. विजयाबाई मेहतांनी बसवलेलं 'हमीदाबाईची कोठी', त्यात मामा आणि तेव्हाचे कोवळे नाना पाटेकर. माणूस एकच, पण तिघांच्या मनात तीन वेगळे.

म्हणून हा धागा. १९६९च्या 'जानकी'पासून मामा पडद्यावर आहेत. विनोदी, खल, गंभीर, हिंदी, मराठी, मालिका, नाटक, काही सोडलं नाही. भूमिकांची यादी नको. कुठे पाहिलंत, सोबत कोण होतं, मनात काय राहिलं, ते लिहा.

*

माझे वडील पोलीस हवालदार होते. 'पांडू हवालदार' आम्ही जत्रेत, तंबूत पाहिला. दादा कोंडके आणि अशोक सराफ, दोघंही खाकीत. अख्खा तंबू हसत होता आणि मी चोरून वडिलांकडे बघत होते, त्यांना राग येईल म्हणून. दर रविवारी ते ओसरीवर बसून पट्ट्याचं बक्कल ब्रासोने घासायचे. वर्दीची थट्टा त्यांना खपायची नाही. पण ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते.

२०११ साली 'सिंघम' आला तेव्हा वडील पंच्याहत्तरी ओलांडून गेले होते. थिएटरात मामा पुन्हा हवालदाराच्या वेषात दिसले. वडील खुर्चीत सावरून बसले आणि हळूच म्हणाले, "छत्तीस वर्षं झाली, ह्यालाही बढती नाही मिळाली." ते स्वतः हवालदार म्हणूनच निवृत्त झाले. त्या दिवशी घरी येईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

*

आम्ही इंदूरचे मराठी. १९९५ साली 'हम पांच' सुरू झाली आणि शेजारच्या सगळ्या हिंदी घरांत मामा 'माथुरसाहेब' झाले. भिंतीवर पहिल्या बायकोची तसबीर, ती बोलते आणि हा तिच्याशी वाद घालतो! हे आमचे मराठी नट आहेत, असं मी वर्गात सगळ्यांना अभिमानाने सांगत फिरायचो.

*

हौशी संस्थेत एकांकिकेची तालीम चालू होती. स्वतःचं वाक्य झालं की मी नुसता उभा राहायचो, पुढच्या वाक्याची वाट बघत. आमच्या दिग्दर्शकांनी एका संध्याकाळी 'अशी ही बनवाबनवी'ची सीडी आणली आणि आवाज बंद करून लावली. साडीत सचिन आणि लक्ष्मीकांत, म्हणजे सगळ्यांचे डोळे तिकडेच जाणार. सर म्हणाले, त्यांच्याकडे बघू नका, मामा ऐकतात कसे ते बघा. बनाव आता उघडा पडणार ही धास्ती, ती गिळणं, पुन्हा शहाजोग चेहरा. आवाज नसतानाही आम्ही हसत होतो. समोरच्याचं वाक्य ऐकणं हीसुद्धा भूमिकाच असते, हे मला तिथे कळलं. बहुतेक लोक मामांच्या टायमिंगचं कौतुक करतात. मला वाटतं, त्याचं मूळ ह्या ऐकण्यात आहे.

*

मी बँकेत आहे. मामांनी दहाएक वर्षं स्टेट बँकेत नोकरी करत नाटक-सिनेमा सांभाळला, हे वाचल्यापासून मीही संध्याकाळची तालीम चुकवत नाही. एवढंच लिहायचं होतं.

*

माझा धाकटा भाऊ वयाने वाढला, बुद्धीने नाही. 'चौकट राजा' आम्ही घरात टीव्हीवर पाहिला. सगळे दिलीप प्रभावळकरांच्या नंदूबद्दल बोलतात आणि ते योग्यच आहे. पण आईचे डोळे गणावर होते, नंदूच्या चाळीतल्या त्या मित्रावर. मामांनी त्यात दया म्हणून दाखवली नाही. नंदूशी वागताना आवाज मऊ करून, लहान मुलाशी बोलावं तसं बोलणं नाही. सरळ दोस्ती.

आमच्या चाळीतही असा एकजण होता. भावाला सायकलच्या दांडीवर बसवून दूध आणायला न्यायचा, उशीर झाला तर रागवायचाही. सिनेमा संपल्यावर आई उठली, वाटीत शिरा घेतला आणि कुणाशी न बोलता त्याच्या खोलीकडे गेली.